नवी चौकट की निभावणारी चौकट?

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात विकण्याजोग्या वस्तूंना तोटा नाही. अकोल्याच्या डोंगरपट्ट्यातला तांदूळ, राहात्याचा पेरू, श्रीगोंद्याचे लिंबू, आणि गावोगावच्या बचत गटांनी केलेली लोणची, पापड, शेवया. प्रदर्शन भरले की हा माल हातोहात खपतो. प्रदर्शन संपले की पुन्हा गिऱ्हाईक कोठून आणायचे, हा प्रश्न उभा राहतो. मग कोणीतरी म्हणते, "आपण ऑनलाइन दुकान काढू." घरातला किंवा शेजारचा एखादा मुलगा वा मुलगी संगणक शिकत असते. काम तिच्याकडे येते. आणि ती पहिला प्रश्न विचारते, "कोणते वेब फ्रेमवर्क घेऊ?"

हा प्रश्न आमच्या महाविद्यालयातले विद्यार्थीही दरवर्षी विचारतात. त्यावर माझे मत आधीच सांगून टाकतो. दुकान बांधायला पाच आठवडे लागतात आणि ते सांभाळायचे असते पाच वर्षे. म्हणून फ्रेमवर्क बांधणाऱ्याच्या हौसेने निवडू नये, सांभाळणाऱ्याच्या सोयीने निवडावे. हे मत तुम्ही लगेच मान्य करावे असा आग्रह नाही. आपण ते तपासून पाहू.

चौकट म्हणजे काय?

'फ्रेमवर्क'ला आपण 'चौकट' म्हणू. मार्केट यार्डात गाळा घेतला की भिंती, शटर, विजेची जोडणी तयार मिळते. व्यापाऱ्याने आत काटा मांडायचा, पोती लावायची आणि व्यापार सुरू करायचा. वेब फ्रेमवर्क हा असाच तयार गाळा आहे. ग्राहकाची मागणी कोणत्या पानाकडे न्यायची, त्याची ओळख कशी पटवायची, पासवर्ड कसा जपायचा, माहितीसाठ्याशी म्हणजे डेटाबेसशी कसे बोलायचे, ही कामे प्रत्येक ऑनलाइन दुकानाला लागतातच. ती कोणीतरी एकदा नीट लिहिली, हजारो लोकांनी वापरून त्यातल्या चुका दाखवल्या, त्या दुरुस्त होत गेल्या आणि चौकट पक्की झाली.

येथे एक बारकावा ध्यानात घ्या. चौकट आणि 'लायब्ररी' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. लायब्ररी म्हणजे तयार प्रोग्रॅमांचा संग्रह. लागेल तेव्हा आपण तिला हाक मारतो. चौकटीचे उलटे असते. ती आपल्याला हाक मारते. शाळेत वेळापत्रक ठरलेले असते, घंटा होते आणि त्या तासाचे शिक्षक वर्गात जातात. शिक्षकांनी काय शिकवायचे हे त्यांच्या हाती, पण केव्हा आणि कोठे हे वेळापत्रकाच्या हाती. आपला प्रोग्रॅम हा शिक्षक, आणि चौकट हे वेळापत्रक. खडू बदलायला मिनिट लागत नाही. वर्षाच्या मध्यावर वेळापत्रक बदलून पाहा, सगळ्या शाळेचा गोंधळ उडेल. चौकटीची निवड जपून करायची ती यासाठी.

चौकटी कोठून येतात, हेही पाहण्यासारखे आहे. 'जँगो' ही चौकट अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स या गावच्या वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मली. बातमी आली की तिची पाने काही तासांत उभी करावी लागत. त्या घाईतून २००३ च्या सुमारास एक साचा तयार झाला आणि २००५ मध्ये तो सर्वांसाठी खुला करण्यात आला. 'रुबी ऑन रेल्स' ही चौकट २००४ मध्ये अशीच एका चालत्या कामातून वेगळी काढण्यात आली. त्याच सुमारास कॅनडात टोबियास ल्युट्के नावाच्या तरुणाला बर्फावरून घसरण्याच्या फळ्या इंटरनेटवर विकायच्या होत्या. बाजारातली तयार दुकाने त्याला पसंत पडेनात. त्याने रेल्स वापरून स्वतःचे दुकान लिहिले. पुढे फळ्यांपेक्षा ते दुकानच अधिक मोलाचे ठरले आणि २००६ मध्ये त्यातून 'शॉपिफाय' ही सेवा निघाली.

कोणी म्हणेल, "पाहा, त्याने तर अगदी नवी कोरी चौकट घेतली आणि त्याचे भले झाले!" खरे आहे. पण ल्युट्के त्या चौकटीत इतका मुरला होता की तिच्या मुख्य कारागिरांत त्याची गणना होऊ लागली. शिवाय दुकान त्याचे स्वतःचे होते. बांधणारा आणि सांभाळणारा एकच माणूस होता. बचत गटाच्या दुकानात तसे नसते. बांधणारी मुलगी दोन वर्षांनी नोकरीसाठी पुण्याला जाते, आणि दुकान मागे उरते.

वेगाचा हिशेब

चौकटींची तुलना सुरू झाली की पहिला मुद्दा निघतो तो वेगाचा. अमुक चौकट एका पानाचे उत्तर ५ मिलिसेकंदांत देते, तमुकला २० लागतात, म्हणून पहिली चारपट चांगली. पदार्थविज्ञानाचा शिक्षक म्हणून मी विचारीन, "एकूण वेळात या १५ मिलिसेकंदांचा वाटा किती?" चला, मोजू.

काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. नगर ते मुंबई हे अंतर सुमारे २५० किलोमीटर धरा. जाऊन येऊन ५०० किलोमीटर, म्हणजे अडीच मिलिसेकंद. तेच दुकान अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या संगणकावर ठेवले तर एका बाजूचे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. जायला-यायला किमान १२५ मिलिसेकंद लागणार. प्रत्यक्षात तारा वळणावळणाने जातात, म्हणून त्याहून जास्त. येथे निसर्गनियमच आडवा येतो. कोणतीही चौकट प्रकाशाचा वेग वाढवू शकत नाही. म्हणजे दुकान कोणत्या देशातल्या संगणकावर ठेवले, याने चौकटीच्या निवडीपेक्षा कितीतरी अधिक फरक पडतो.

आता लोणच्याच्या बरणीचे छायाचित्र घ्या. मोबाइलने काढलेले छायाचित्र सहज ३ मेगाबाइटचे असते. ८ ने गुणले की २४ मेगाबिट. डोंगरातल्या गावी सेकंदाला २ मेगाबिट एवढाच वेग मिळत असेल तर ते दिसायला १२ सेकंद लागतील! तेच छायाचित्र लहान करून १०० किलोबाइटचे केले तर ०.४ सेकंद पुरेल. साडेअकरा सेकंद वाचले, आणि चौकट तीच राहिली. ज्या गळतीतून घागरभर पाणी जाते ती सोडून थेंबाथेंबाच्या गळतीला लाख लावीत बसणे शहाणपणाचे नव्हे.

दुसरा मुद्दा असतो, "ही चौकट लाखो ग्राहक पेलते." दिवसाला २०० मागण्या येणे ही बचत गटाच्या दृष्टीने दिवाळीच. दिवसाचे ८६,४०० सेकंद. म्हणजे सुमारे ७ मिनिटांना एक मागणी. प्रत्येक मागणीमागे ५० पाने पाहिली जातात असे मानले तरी दिवसाची पाने १०,००० होतात. साडेआठ सेकंदांना एक पान. सणाच्या आधी संध्याकाळी दसपट गर्दी झाली तरी सेकंदाला साधारण एक पान. एवढे काम कोणतीही नावाजलेली चौकट एका साध्या संगणकावर सहज करते. बैलगाडीचा माल न्यायला रेल्वेचे इंजिन कशाला?

चुकून चालणार नाहीत अशा गोष्टी

वेगात थोडे कमी-जास्त झाले तर ग्राहक क्षणभर थांबतो. पण दुकानात काही गोष्टी अशा असतात की त्या चुकल्या तर विश्वासच जातो. चौकटीची खरी परीक्षा तेथे आहे.

तांदळाची शेवटची पिशवी उरली आहे आणि दोन ग्राहकांनी एकाच क्षणी बटण दाबले. दोघांचेही पैसे घेतले गेले तर? यासाठी डेटाबेसात 'ट्रॅन्झॅक्शन'ची सोय असते. साठा मोजणे, एक पिशवी कमी करणे, मागणी नोंदवणे ही कामे एका गाठोड्यात बांधायची. झाली तर सगळी होतील, नाही तर एकही होणार नाही. हे गाठोडे बांधण्याची सोपी रीत चांगल्या चौकटीत असते. पण ती वापरायची आठवण मात्र आपल्यालाच ठेवावी लागते.

पैसे मोजण्यातही मौज आहे. बहुतेक संगणकभाषांत ०.१ आणि ०.२ यांची साधी बेरीज करून पाहा. उत्तर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येते! कारण संगणक द्विमान पद्धतीत अंक ठेवतो. दशमान पद्धतीत १/३ लिहिताना ०.३३३ पुढे संपतच नाही, तसे द्विमान पद्धतीत १/१० संपत नाही. म्हणून पैशांचा हिशेब पूर्णांकी पैशांत किंवा अचूक दशांशाच्या खास प्रकारात ठेवावा लागतो.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. हजेरीपटावर एखाद्या खोडकर मुलाने आपल्या नावाच्या जागी 'सर्वांना सुट्टी द्या' असे लिहिले, तर शिक्षक ते नाव म्हणून वाचतील आणि हसतील. संगणकाला हसता येत नाही. प्रोग्रॅम निष्काळजीपणे लिहिलेला असेल तर नावाच्या चौकोनात लिहिलेली आज्ञा डेटाबेस खरोखरच पाळतो आणि सगळ्या ग्राहकांची यादी चोराच्या हाती पडते. 'एसक्यूएल इंजेक्शन' म्हणतात ते हेच. जँगो, लाराव्हेल, रेल्स यांसारख्या चौकटी नेहमीच्या रीतीने वापरल्या तर माहिती आणि आज्ञा यांची गल्लत होऊ देत नाहीत. पासवर्डही त्या जसेच्या तसे न ठेवता, उलट काढता येणार नाही अशा रूपात बदलून ठेवतात. हे सर्व स्वतः लिहायला घेतलेत तर कोठे ना कोठे फट राहीलच.

आणि काही गोष्टी दुकानात ठेवूच नयेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला ग्राहकाचा कार्ड क्रमांक साठवता येत नाही. पैसे घेण्याचे काम त्या व्यवसायातल्या अधिकृत सेवेकडे सोपवावे. तिच्याकडून 'पैसे मिळाले' हा निरोप कधी उशिरा येतो, कधी दोनदा येतो. दोनदा आला तरी माल एकदाच पाठवायचा, एवढे भान आपल्या प्रोग्रॅमला हवे.

जिल्ह्याचे नाव बदलले तेव्हा

आता आमच्याच जिल्ह्यातले उदाहरण देतो. जामखेड तालुक्यातले चौंडी हे अहिल्यादेवी होळकरांचे जन्मगाव. त्यांच्या नावावरून अहमदनगरचे नाव अहिल्यानगर करण्याची घोषणा २०२३ मध्ये झाली आणि २०२४ मध्ये ते अधिकृतपणे अमलात आले. संगणकाच्या नजरेने हा बदल मोठा मनोरंजक आहे.

'अहमदनगर' या शब्दात अक्षरे ७. 'अहिल्यानगर' यात अक्षरे ६. म्हणजे नाव लहान झाले? छे! संगणक देवनागरीसाठी युनिकोड वापरतो. त्यात वेलांटी, काना, हलन्त यांनाही स्वतंत्र चिन्हे असतात. 'अहिल्यानगर' मध्ये अशी १० चिन्हे भरतात, आणि 'यूटीएफ-८' या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट जागा घेते. जुन्या नावाला २१ बाइट पुरत होते, नव्याला ३० लागतात. एक अक्षर कमी झाले आणि नऊ बाइट वाढले! एखाद्या दुकानात जिल्ह्याच्या नावासाठी मोजून २५ बाइट ठेवले असतील तर नवे नाव अर्धवट कापले जाईल. म्हणून चौकट निवडताना आधी तिला मराठी वाचायला द्या. 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द साठवून पाहा, शोधून पाहा, त्याचे बिल छापून पाहा. यातला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. शोधणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र ते निराळे वाटू शकतात.

याहून महत्त्वाचा धडा पुढे आहे. ज्या दुकानात जिल्ह्याचे नाव चाळीस पानांवर चाळीस ठिकाणी लिहिले असेल, तेथे चाळीस दुरुस्त्या कराव्या लागतील आणि एक तरी राहून जाईल. ज्या दुकानात ते डेटाबेसात एकाच ठिकाणी असेल, तेथे एक ओळ बदलली की काम झाले. चांगली चौकट आपल्याला ही शिस्त लावते: माहिती एकीकडे, नियम दुसरीकडे, पानाची मांडणी तिसरीकडे.

पण थांबा. जुन्या बिलांचे काय? २०२२ साली दिलेल्या बिलावर 'अहमदनगर' असेल तर ते तसेच राहिले पाहिजे, कारण तो झालेल्या व्यवहाराचा पुरावा आहे. करांचेही तसेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून तुपावरचा वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. कराचा दर एकाच जागी ठेवला हे ठीक. पण जुन्या बिलाने दर तेथूनच घेतला, तर गेल्या वर्षीचे बिल उघडताच आकडा बदललेला दिसेल! म्हणून बिल करताना त्या दिवसाचा दर, भाव आणि पत्ता बिलातच उतरवून ठेवायचा. बदलणारे काय आणि गोठवायचे काय, हा विवेक कोणतीही चौकट आपल्याला देत नाही. तो दुकान समजून घेतल्यानेच येतो.

चौकटींचेही आयुष्य असते

'अँग्युलरजेएस' ही चौकट २०१० मध्ये आली आणि फार गाजली. २०१६ मध्ये तिचा नवा अवतार निघाला तो जुन्याशी जुळेना, आणि २०२१ च्या अखेरीस जुन्या चौकटीचा आधार बंद झाला. 'मॅजेन्टो' ही तर खास दुकानांसाठीची प्रणाली. २००८ मध्ये आलेल्या तिच्या पहिल्या पिढीचा आधार जून २०२० मध्ये संपला. त्या दुकानांचे शटर त्या दिवशी आपोआप पडले नाही. पण पुढे एखादी फट सापडली तर मूळ निर्मात्याकडून ती बुजवून मिळण्याची सोय राहिली नाही.

ही सोय असूनही आळस केला तर काय होते, याचे उदाहरण २०१७ मध्ये साऱ्या जगाने पाहिले. अमेरिकेतल्या 'एक्विफॅक्स' या मोठ्या कंपनीच्या संकेतस्थळात 'अपाची स्ट्रट्स' ही चौकट वापरलेली होती. तिच्यात एक धोक्याची फट सापडली. दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये प्रसिद्धही झाली. कंपनीने ती वेळेवर बसवली नाही. मे महिन्यात चोर आत शिरले, ते जुलैच्या अखेरीपर्यंत लक्षात आले नाही, आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची खाजगी माहिती उघड झाली. चौकट नावाजलेली होती, कंपनीजवळ पैसा होता, माणसे होती. उणीव होती ती देखभालीची.

म्हणून निवड करताना विचारा: या चौकटीच्या एका आवृत्तीला आधार किती वर्षे मिळतो? जँगोच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या सुमारे ३ वर्षे मिळतात, लाराव्हेलच्या प्रत्येक आवृत्तीला २ वर्षे. हा हिशेब दुकान उघडण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवावा, आणि कोणत्या महिन्यात नवी आवृत्ती घ्यायची व ती कोण घेणार, हेही लिहावे.

बी घरचे की विकतचे?

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. देशी वाणांचे बियाणे जपून त्यांनी बीजबँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. देशी बियाणे घरी राखता येते, पुढच्या वर्षी पेरता येते, शेजाऱ्याला देता येते. संकरित बियाणे बहुधा दरवर्षी विकत घ्यावे लागते; पण त्याचेही काही गुण असतात, म्हणूनच शेतकरी ते घेतात.

ऑनलाइन दुकानातही हेच दोन मार्ग आहेत. जँगो, रेल्स, लाराव्हेल या मुक्त चौकटी आहेत. त्यांची संहिता कोणालाही पाहता येते, राखता येते, बदलता येते. २००३ चे 'वर्डप्रेस' आणि त्यावर २०११ मध्ये आलेले 'वूकॉमर्स' हेही मुक्तच आहेत, आणि त्यांत दुकान बरेचसे तयार मिळते. याउलट शॉपिफायसारख्या सेवेत दरमहा भाडे द्यायचे आणि देखभालीची काळजी त्यांच्यावर सोडायची. माझे मत असे की, ज्या गटाजवळ संगणक जाणणारे कोणीच नाही, त्याने भाड्याचा गाळा घेण्यात काही कमीपणा नाही. फक्त आपली ग्राहकांची, मालाची आणि मागण्यांची यादी दर आठवड्याला आपल्याकडे उतरवून घ्यावी. गाळा भाड्याचा चालेल, वही घरची हवी.

"मग नवे कधी शिकायचे?"

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, "सर, असे जुने धरून बसलो तर पुढे कसे जाणार? नोकरी देणारे तर नव्या चौकटी विचारतात." या आक्षेपात तथ्य आहे. २०१३ मध्ये आलेल्या 'रिअ‍ॅक्ट'ने वेबपाने लिहिण्याची रीतच पालटली, आणि ती कोणी शिकूच नये असे मी म्हणणार नाही. शिका, भरपूर शिका. शाळेच्या ग्रंथालयाची यादी करा, क्रिकेटच्या सामन्यांचे गुणफलक करा, दर महिन्याला नवी चौकट घेऊन ते पुन्हा करा. मोडले तर मोडले, शिकणे तर झाले!

पण प्रयोगशाळेत आपण नव्या उपकरणाची परीक्षा करतो ती नमुन्यावर, रोग्यावर नव्हे. बचत गटातल्या पंधरा बायकांनी उन्हाळाभर केलेला माल, त्यांच्या ग्राहकांचे पत्ते, त्यांचे पैसे, हे आपल्या सरावाचे साहित्य नव्हे. तेथे शिकलेले आणि पारखलेलेच वापरावे. दुसऱ्याच्या पोटापाण्यावर आपली हौस फेडू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

तर मग निवडीचा क्रम असा असावा. प्रथम पाहा, स्वतः बांधण्याची गरज आहे का? साधी विक्री असेल तर तयार दुकान पुरते. काही वेगळे हवे असेल, म्हणजे गावोगावचे गट, प्रत्येकाचा वेगळा हिशेब, हंगामी माल, तर जुनी, सर्व सोयींनी युक्त मुक्त चौकट घ्या. जँगो, लाराव्हेल, रेल्स यांपैकी कोणती? तुमच्या तालुक्याच्या गावी जी जाणणारी किमान दोन माणसे सापडतील ती. एक आजारी पडला किंवा परगावी गेला तर दुसरा धावून येईल. दोघेही न सापडतील तर ती चौकट कितीही गुणी असली तरी तुमच्या दुकानाची नव्हे.

वर्गात करून पाहा

शिक्षकांसाठी एक सूचना. हे सारे संगणकाविना एका तासात शिकवता येते. पाच विद्यार्थी घ्या. एक ग्राहक. दुसरा दारावरचा, तो चिठ्ठी वाचून ती कोणाकडे न्यायची ते ठरवतो. तिसरा नियम सांभाळणारा. चौथा कोठारवाला, त्याच्याजवळ मालाची वही. पाचवा उत्तर सुवाच्य अक्षरांत लिहून देणारा. ग्राहकाने 'एक बरणी लोणचे' अशी चिठ्ठी द्यावी आणि ती हातोहात फिरावी. एका चौकटीचे सारे अंतरंग मुलांसमोर उलगडेल.

मग वहीत एकच बरणी शिल्लक ठेवा आणि दोन ग्राहकांना एकदम चिठ्ठ्या देऊ द्या. काय घडते ते मुलांनाच पाहू द्या. त्यानंतर कोठारवाल्याला वर्गाबाहेर पाठवा आणि आजवर नुसता पाहत बसलेल्या एखाद्या मुलाच्या हाती त्याची वही द्या. वही नीट लिहिलेली असेल तर दुकान मिनिटभर अडखळेल आणि पुन्हा सुरू होईल. नसेल तर तेथेच बंद पडेल.

ही शेवटची परीक्षा तुम्ही बांधाल त्या प्रत्येक दुकानाला लावा. काम संपल्यावर आठ दिवस गावाला जा, आणि दुकान दुसऱ्याच्या स्वाधीन करून पाहा. ते चालले तर तुमची निवड बरोबर होती.